आधी श्रवण, मग स्मरण

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वात गोदातीरी गंगाखेडास कीर्तनाला उभे राहिले की श्रोत्यांची वये आम्हांस न विचारता कळतात. तरुण चालीवर डोलतात, प्रौढ आख्यानात रमतात, आणि वृद्धांचे डोळे एखाद्याच शब्दापाशी पाणावतात. अभंग तोच, टाळ-मृदंग तेच. पालटते ते ऐकणाऱ्याचे अंतःकरण.

महाकवी कालिदासाने हे मर्म शाकुंतलाच्या पाचव्या अंकात उकलले आहे. हंसपदिकेचे गीत कानी पडताच दुष्यंत कारणावाचून व्याकुळ होतो. मधुर स्वर सुखी जीवालाही जन्मांतरीच्या स्नेहाची आठवण देत असावेत, असे त्याला वाटते. वार्धक्यात तर याच जन्मीचे बाळपण जन्मांतराइतके दूर गेलेले असते. जुनी चाल ऐकताना वृद्ध माणूस नुसते गाणे ऐकत नाही. ती शिकविणारी आई, शेजारी टाळ धरणारा सोबती यांना तो भेटत असतो.

म्हणूनच ‘आमच्या वेळचेच खरे’ हा आग्रह आम्ही समजू शकतो. तथापि तो मान्य करवत नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा व सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले, तेव्हा ते अगदी नवे होते. आज रामनवमीस तेच वाडवडिलांच्या ठेव्यासारखे ऐकले जाते. नव्याचे जुने व्हायला एक आयुष्य पुरते.

भय नव्या चालीचे नाही, न ऐकण्याचे आहे. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्यासवे साक्षात विठ्ठल दळू लागला, अशी भाविकांची श्रद्धा. गावोगावी पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि पहाटेची ओवीही थांबली. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, हे मोठेच कार्य. परंतु ज्या नातीने अर्धवट झोपेत आजीची ओवी ऐकलीच नाही, तिला सत्तरीत ती आठवणार कशी?

भागवतात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगताना श्रवण पहिले, कीर्तन दुसरे आणि स्मरण तिसरे ठेवले आहे. हा क्रम सहेतुक आहे. स्मरण हे श्रवणाच्या ठेवीवरील व्याज होय.

तेव्हा आज सायंकाळी घरोघरी हरिपाठ होईल, त्या वेळी वडीलधाऱ्यांनी आपली चाल नातवंडांना म्हणून दाखवावी, आणि नातवंडांची नवी चाल शांतपणे ऐकूनही घ्यावी. आज त्यांच्या कानी जे पडेल, तेच त्यांच्या उतारवयात डोळ्यांवाटे ओघळेल.