शब्दकोडे, मर्यादित अक्षरांचे

शब्दकोडे, मर्यादित अक्षरांचे : ठरवून दिलेल्या मोजक्या अक्षरांतून, ती हव्या त्या क्रमाने योजून, जास्तीत जास्त सार्थ शब्द बनविण्याचा बौद्धिक खेळ. चौकटींच्या शब्दकोड्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ सुचविणारी खूण दिलेली असते. या प्रकारात तशी खूण नसते, अक्षरसंच हीच सोडविणाऱ्याची सामग्री होय. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने २०१४ मध्ये साप्ताहिक पुरवणीत आणि २०१८ पासून दररोज संगणकीय स्वरूपात प्रसिद्ध केलेले ‘स्पेलिंग बी’ हे कोडे याचे परिचित उदाहरण आहे. त्यात सात अक्षरे देतात. मधले अक्षर प्रत्येक शब्दात आलेच पाहिजे, शब्द निदान चार अक्षरी असावा आणि एकच अक्षर अनेकदा वापरता यावे, असे नियम असतात. मराठीत हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कारण येथे ‘एक अक्षर’ कशाला म्हणावे, हे आधी ठरवावे लागते.

अक्षरांच्या मर्यादेवर आधारलेली करमणूक भारतात प्राचीन आहे. बाणभट्टाच्या कादंबरीत (सातवे शतक) शूद्रक राजाच्या विनोदांत अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती व प्रहेलिका यांचा उल्लेख येतो. बिंदुमतीत व्यंजनांच्या जागी बिंदू मांडून केवळ स्वरचिन्हे दाखवीत व त्यांवरून श्लोक ओळखावयाचा असे. दंडीच्या दशकुमारचरिताचा सातवा उच्छ्‌वास ओष्ठ्य वर्ण टाळून लिहिलेला आहे. मराठीत मोरोपंतांनी (१७२९–९४) निरोष्ठ रामायण रचले. या रचनांत मर्यादेचा भार कवीवर असतो, कोड्यात तो वाचकावर येतो.

अक्षराच्या व्याख्येप्रमाणे कोडे कसे पालटते, हे ‘सातारा’ या नावावरून स्पष्ट होते. मात्रांसह अक्षर धरल्यास सा, ता, रा एवढाच संच मिळतो व त्यातून सारा, तारा असे थोडेच शब्द निघतात. मात्रा मोकळ्या ठेवून स, त, र ही व्यंजने घेतली, तर रस, सात, तास, रात, रेती, तुरा, सतार, सुतार, सरिता, सरासरी असे पुष्कळ शब्द साधतात. जोडाक्षरांनाही मुभा दिल्यास रस्ता, सत्ता, सत्तर, रास्त, स्तर, सत्र, सूत्र, रात्र, स्त्री व स्तोत्र यांची भर पडते. दुसऱ्या प्रकारात व्यंजने दिलेली व स्वर शोधावयाचे असल्याने तो बिंदुमतीच्या नेमका उलट आहे.

प्रत्येक व्यंजनाची बारा रूपे धरली, तर तीन व्यंजनांपासून ३६ अक्षरे होतात. त्यांच्या दोन अक्षरी मांडण्या १,२९६ आणि तीन अक्षरी ४६,६५६ भरतात. त्या एकेक तपासणे व्यर्थ होय. अनुभवी व्यक्ती व्यंजनांची जोडी घेऊन ती बाराखडीतून फिरविते, नंतर क्रम उलटा करते. शुद्धलेखनाचे नियमही येथे उपयोगी पडतात. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार दीर्घ असतो. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकारही दीर्घ असतो. म्हणून रीत, तूर, सूत अशी रूपे शोधावीत. तत्सम शब्द या दुसऱ्या नियमाला अपवाद असल्याने ‘सूत’ (धागा) आणि ‘सुत’ (पुत्र) हे एकाच संचातील दोन स्वतंत्र शब्द ठरतात.

‘सांगली’ या नावात अनुस्वाराचा प्रश्न उद्‌भवतो. अनुस्वार बाराखडीतील चिन्ह मानला, तर स, ग, ल यांतून सलग, गलोल, लगोलग यांच्या जोडीला संग, सोंग, लिंग हे शब्द मिळतात. तो ङ् या अनुनासिकाचा प्रतिनिधी मानला, तर हे तीन शब्द बाद होतात. स्वरांबाबत असाच प्रश्न येतो. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथून निघणाऱ्या किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर या मासिकांनी वि. दा. सावरकरांनी पुरस्कारिलेली अ-ची बाराखडी स्वीकारली होती. त्या पद्धतीने ‘अ’ या एकाच अक्षरातून अि, अु, अे हे स्वर साधतात. प्रचलित वर्णमालेत मात्र इ, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे होत.

विभक्तिरूपे मान्य केल्यास सुतारास, सुतास अशा रूपांनी उत्तरांची यादी हवी तेवढी लांबविता येते. यासाठी कोशात शीर्षशब्द म्हणून आलेलेच रूप ग्राह्य धरणे सोयीचे असते. तथापि कोणता कोश आधारभूत मानावा, हेही आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२–३८) नोंदलेले अनेक प्रांतिक व जुने शब्द लहान कोशांत आढळत नाहीत. त्यामुळे ग्रामीण वाचकाला घरचा वाटणारा शब्द उत्तरांच्या यादीतून गळण्याचा संभव असतो.

उत्तराच्या निश्चितीला कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आले. बक्षिसांच्या शब्दकोड्यांवर नियंत्रण आणण्यासाठी संसदेने १९५५ मध्ये बक्षीस-स्पर्धा अधिनियम संमत केला. अक्षरे, शब्द वा आकडे यांची जुळणी किंवा क्रमपालट यांवर आधारलेली कोडी त्याच्या व्याख्येत येतात. महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना त्याने मनाई केली. उत्तर सातारा व दक्षिण सातारा (१९६० पासून सांगली) हे जिल्हे तेव्हा मुंबई राज्यात होते व तेथेही हा अधिनियम लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणी असा निर्णय दिला, की यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असणाऱ्या स्पर्धांना हा अधिनियम लागू होत नाही. त्याचा रोख जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांवर आहे. जेथे अनेक शब्द सारखेच योग्य असून संयोजकाने मनाशी धरलेला एकच शब्द बरोबर ठरतो, तेथे भाषाज्ञान निरुपयोगी होते. अक्षर, अनुस्वार, विभक्तिरूप व आधारकोश यांविषयीचे नियम आधी जाहीर केले, तर कोणालाही स्वतःचे उत्तर स्वतः पडताळून पाहता येते. मर्यादित अक्षरांच्या कोड्याची शैक्षणिक उपयुक्तता यातच आहे.