नाव जुळलं, पुढे काय?

विमानसुरक्षेची गोष्ट : भाग ७

मागच्या भागात आपण सामान तपासणारी एक्स-रे यंत्रं पाहिली. आज टर्मिनलच्या दारातली तपासणी पाहू. सीआयएसएफचा जवान आपलं आधार कार्ड हातात घेतो, तिकिटावरचं नाव पडताळतो, चेहरा न्याहाळतो आणि आत सोडतो. यातून त्याला कळतं ते एवढंच, की तिकीट आणि कार्ड एकाच माणसाचं आहे. त्या माणसाच्या मनात काय आहे, हे कुठल्याच कार्डावर छापलेलं नसतं.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांचं अपहरण करणारे १९ जण आपापल्या नावांनीच विमानात चढले. त्यांपैकी दोघांची नावं ऑगस्टमध्येच सरकारच्या संशयितांच्या यादीत गेली होती. पण विमान कंपन्यांना दिलेली ‘नो-फ्लाय’ यादी वेगळी होती आणि तिच्यात नावं होती अवघी १२. हे दोघे त्यात नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिचर्ड रीड बुटात स्फोटकं लपवून पॅरिसहून मायामीच्या विमानात बसला, तोही स्वतःच्या ब्रिटिश पासपोर्टवर.

आता उलट उदाहरण घ्या. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात दोघेजण चोरीच्या युरोपीय पासपोर्टवर प्रवास करत होते. सगळ्यांचा संशय आधी त्यांच्यावरच गेला. चौकशीत निघालं ते असं, की दोघे इराणी तरुण होते आणि युरोपात आसरा शोधायला निघाले होते. म्हणजे खऱ्या नावाचा माणूस घातकी निघू शकतो आणि खोट्या नावाचा निरुपद्रवी.

मग ओळखपत्र बघणं निव्वळ सोपस्कार आहे का? तसंही नाही. त्यासाठी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाची हकिकत पाहावी लागेल.

२२ जून १९८५. कॅनडात व्हँकुव्हरच्या काउंटरवर ‘एम. सिंग’ या नावाचं तिकीट घेऊन एक प्रवासी आला. टोरांटोपर्यंतची त्याची जागा पक्की होती, पण पुढच्या एअर इंडियाच्या विमानासाठी तो वेटिंग लिस्टवर होता. अशा प्रवाशाची बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवता येत नव्हती. त्याने हुज्जत घातली. मागे रांग वाढत होती. शेवटी काउंटरवरच्या कर्मचारी बाईंनी बॅगेला टॅग लावला. बॅग गेली, प्रवासी मात्र विमानात चढलाच नाही. टोरांटोला एअर इंडियाचं सामान तपासणारं एक्स-रे यंत्र त्याच दिवशी बंद पडलं. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोट झाला आणि ३२९ जणांचा जीव गेला.

इथे खोटं नाव पकडलं गेलं असतं की नाही, हा मुद्दा दुय्यम आहे. ‘ही बॅग ज्याची, तो विमानात बसलाय का?’ एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता आणि बॅग उतरवली असती, तर विमान वाचलं असतं. आज चेक-इन करून प्रवासी गेटवर आला नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात. आपण आत बसून उशीर झाला म्हणून कुरकुरतो, तो वेळ कधीकधी याच कामात जात असतो. पण मरायला तयार असलेल्या माणसापुढे हा नियमही लंगडा पडतो. तिथे उपयोगी पडते ती बॅगेची आणि अंगाची झडतीच.

थोडक्यात, नाव तपासण्याला अर्थ येतो तो ते कशाशी तरी जोडल्यावर: नेमक्या आणि ताज्या संशयित-यादीशी, किंवा विमानाच्या पोटात ठेवलेल्या बॅगेशी. या दोन जोडण्या नसतील, तर त्या तपासणीचा नक्की फायदा विमान कंपनीला होतो, कारण एकाचं तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणून दारातली रांग लांबवण्याआधी आपल्याकडे विचारायला हवं, की तेच मनुष्यबळ झडतीच्या टेबलावर जास्त कामाला येणार नाही का?

पुढील भागात : डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याकडे ‘डिजियात्रा’ आली आणि चेहराच ओळखपत्र झाला. त्याने रांग कमी झाली, की धोकाही?