नदीजोड प्रकल्पांच्या अभ्यासासाठी राज्यांना केंद्राचे साहाय्य

राज्यांतर्गत नदीजोड प्रकल्पांचा अभ्यास करून घेण्यासाठी राज्यांना नवी दिल्लीतील राष्ट्रीय जल विकास अभिकरणाकडे प्रस्ताव पाठवता येतो. जुलै १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे प्रारंभी मोठ्या आंतरराज्य जोडकालव्यांचे काम होते. २००६ मध्ये एकाच राज्यातील नद्या जोडण्याच्या शक्यतेचा अभ्यास तिच्या कार्यकक्षेत आला आणि २०११ मध्ये त्यांचे सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्याची जबाबदारीही सोपवण्यात आली. संस्थेचा खर्च केंद्राच्या अनुदानातून भागतो.

प्रस्ताव राज्य शासनामार्फतच यावा लागतो. ग्रामपंचायतीला किंवा शेतकरी संघटनेला आपली मागणी राज्याच्या जलसंपदा विभागाकडेच मांडावी लागते.

प्रस्ताव आल्यावर प्रथम पूर्वव्यवहार्यता अहवाल तयार होतो. ज्या खोऱ्यातून पाणी न्यायचे, तेथे ते खरोखर शिल्लक आहे काय, हा त्यातील कळीचा प्रश्न असतो. त्यासाठी ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरपैकी ७५ वर्षे तरी मिळेल इतके पाणी हिशेबात धरतात आणि त्यातून त्याच खोऱ्याची पिण्याची, सिंचनाची व उद्योगांची भावी गरज वजा करतात. एखाद्या भरघोस पावसाळ्यातील पूर पाहून केलेली मागणी या गणितात सहसा टिकत नाही. योजना व्यवहार्य ठरली, तर राज्याच्या संमतीने सविस्तर अहवाल हाती घेतला जातो. त्यात भूमापन, पायाच्या खडकाची तपासणी, बुडीत क्षेत्र, विस्थापित होणारी कुटुंबे आणि लाभ-खर्चाचे प्रमाण यांचा समावेश असतो. हा अहवाल पुढे केंद्रीय जल आयोगाच्या छाननीसाठी जातो.

महाराष्ट्राने असे अनेक प्रस्ताव पाठवले. त्यांपैकी विदर्भातील वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाचा सविस्तर अहवाल अभिकरणाने तयार केला. गोसीखुर्द धरणातून सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्याने बुलढाणा जिल्ह्यापर्यंत पाणी नेण्याची ही योजना आहे. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. अंदाजित खर्च ८७ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे.

मात्र अहवाल म्हणजे निधी नव्हे. दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा या आंतरराज्य प्रकल्पांच्या अहवालांसाठी महाराष्ट्र, गुजरात व केंद्र यांच्यात मे २०१० मध्ये करार झाला होता. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दोन्ही अहवालांचे मसुदे निश्चित झाल्याचे सांगण्यात आले. परंतु लाभार्थी राज्यांत सहमती झाल्यावरच अंमलबजावणीसाठी साहाय्य मिळेल, अशी अटही घालण्यात आली. पार-तापी-नर्मदेला आदिवासी भागातून तीव्र विरोध झाला आणि मे २०२२ मध्ये गुजरात सरकारने तो प्रकल्प रद्द करण्याची घोषणा केली.