गळ्यात स्कार्फ, हातात गरम चहा

पोलंडच्या आग्नेय टोकाला प्शेमिशल नावाचे शहर आहे. वस्ती साठ हजारांच्या आसपास. युक्रेनची सीमा तिथून जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि चार-दोन दिवसांतच या शहराचे रेल्वे स्थानक जगभरच्या बातम्यांत झळकू लागले.

याला कारण रुळांचे. युक्रेनमधले रूळ पोलंडपेक्षा रुंद आहेत, त्यामुळे तिकडची गाडी सहसा पोलंडमध्ये आतवर येऊ शकत नाही. प्शेमिशलपर्यंत मात्र रुंद रूळ घातलेले आहेत. ल्वीवहून निघालेली खच्चून भरलेली गाडी इथे यायची आणि पुढचा प्रवास दुसऱ्या गाडीने करायचा. म्हणजे साऱ्यांना उतरणे भागच!

उतरणाऱ्यांत तरुण पुरुष जवळजवळ नव्हतेच. 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास युक्रेन सरकारने मनाई केली होती. कडेवर एक मूल, बोटाला दुसरे, पाठीवर बोचके आणि मागे राहिलेल्या नवऱ्याचा घोर, अशा अवस्थेत बायका फलाटावर उभ्या राहत. रात्री पारा शून्याखाली. अवघ्या तीन आठवड्यांत 30 लाख लोकांनी युक्रेन सोडले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पोलंडमध्ये आले.

त्या गर्दीत मदतीला आलेल्यांमध्ये गणवेश घातलेली, गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले-मुली होती. ती होती पोलंडची स्काऊट मंडळी. त्यांच्या भाषेत स्काऊटला 'हार्त्सेश' म्हणतात. सामान उचलणे, गरम पेय आणि सँडविच देणे, पुढची गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगणे, आई रांगेत उभी असेपर्यंत तिच्या पोराला रंगीत खडू देऊन रमवणे, अशी ही कामे. सीमेवरच्या पाळ्या मुख्यतः अठरा वर्षांवरच्यांकडे होत्या. धाकटी मुले आपापल्या गावी, जमा झालेल्या वस्तूंची वर्गवारी करत.

हे दुसरे काम वाटते तितके सोपे नसते. संकट आले की लोक मोकळ्या हाताने देतात, पण घरातले जुने कपडे आधी बाहेर काढतात. पिशव्यांच्या त्या ढिगातून बाळाचे लंगोट वेगळे, औषधे वेगळी, ब्लँकेटे वेगळी करायची आणि खोक्यावर काय आहे ते ठळक लिहायचे. अशा कामाचा फोटो कुठे छापून येत नाही.

गणवेशाचा आधार

सीमेवर लवकरच दुसरी काळजी उभी राहिली. 'चला, बर्लिनला सोडतो, पैसे नकोत,' म्हणणारे शेकडो गाडीवाले तिथे आले होते. बहुतेक जण सज्जनच. पण एकट्या बाईने, लहान मुलांना घेऊन, अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचे कसे? माणसांचा व्यापार करणाऱ्यांपासून सावध राहा, असे इशारे संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी दिले. मग वाहनचालकांची नावे नोंदवून घेणे सुरू झाले. अशा वेळी ओळखीचा गणवेश हीच मोठी दिलाशाची गोष्ट होती. स्काऊट म्हणजे काय, हे युक्रेनी आईला समजावून सांगावे लागत नव्हते. तिच्या देशातही ही चळवळ आहे.

भाषेची अडचणही वाटली होती तितकी आली नाही. पोलिश आणि युक्रेनी या बहिणी-बहिणीच. 'आभारी आहे'साठी एक म्हणते 'जेंकुये', दुसरी 'द्याकुयू'. चहाला मात्र पोलिशमध्ये 'हेर्बाता' म्हणतात, तर युक्रेनीमध्ये चक्क 'चाय'! सीमेवर थंडीत ताटकळलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना हा शब्द नक्कीच गोड लागला असेल. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली ही हजारो मुले 'ऑपरेशन गंगा'तून मायदेशी परतली. त्यांतली कितीतरी विमाने प्शेमिशलजवळच्या झेशूवहून उडाली.

एकाच शहरातली दोन रोपे

हा जिव्हाळा मात्र गृहीत धरण्यासारखा नव्हता. पोलंडची आणि युक्रेनची स्काऊट चळवळ जन्मली एकाच शहरात, ल्वीवमध्ये, तीही एकाच साली, 1911 मध्ये. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. अंजेय माल्कोव्स्की हा पोलिश तरुण कवायतीला उशिरा आला, म्हणून शिक्षा म्हणून त्याला बेडन-पॉवेल यांच्या पुस्तकाचे भाषांतर करायला लावले, असे सांगतात. त्या शिक्षेतूनच चळवळ उभी राहिली. त्याच शहरात ओलेक्सांद्र तिसोव्स्की या शिक्षकांनी युक्रेनी मुलांसाठी 'प्लास्ट' सुरू केली.

साम्राज्य कोसळले आणि नोव्हेंबर 1918 मध्ये ल्वीव कोणाचे, यावरून पोलिश आणि युक्रेनी एकमेकांवर बंदुका रोखून उभे ठाकले. त्या लढाईत शाळकरी पोरेही होती. 1943 मध्ये व्होलिनियात युक्रेनी राष्ट्रवादी टोळ्यांनी हजारो पोलिशांची कत्तल केली, पोलिशांनीही सूड घेतला. त्या जखमेची खपली अजून निघते. त्याच लोकांची नातवंडे-पणतवंडे 2022 मध्ये प्शेमिशलच्या फलाटावर समोरासमोर आली, तेव्हा एकाच्या हातात चहाचा पेला होता.

निर्वासित होणे पोलिशांनाही नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या पोलिशांपैकी सुमारे पाच हजार, बहुतेक बायका-मुलेच, 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते आणि स्काऊट पथकेही होती.

प्शेमिशलची गर्दी पुढे ओसरली, पण 2024 च्या अखेरीसही सुमारे दहा लाख युक्रेनी पोलंडमध्ये होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून त्यांच्या मुलांना पोलिश शाळेत जाणे सक्तीचे झाले. शाळेतल्या मित्राबरोबर स्काऊट पथकात गेलेल्या मुलापुढे एक अवघड क्षण येतो तो शपथेचा. पोलिश स्काऊटची पारंपरिक शपथ पोलंडच्या सेवेची आहे, 'प्लास्ट'ची युक्रेनशी निष्ठेची. पोलंडमधल्या शहरांत 'प्लास्ट'चीही पथके आहेत, त्यामुळे काही मुले तिकडे जातात. काही पोलिश पथकात राहतात, सहलीला जातात, गाठी मारायला शिकतात. शपथेचे काय, ते ज्याने त्याने ठरवायचे.