बाळाचं डोकं कुठं, पाय कुठं? पहिल्या चार आठवड्यांतच होतो फैसला

रायापूर (हुबळी-धारवाड) : रायापूरच्या बसथांब्यावर उभं राहिलं की एका बाजूला हुबळी, दुसऱ्या बाजूला धारवाड. दिशा ठरलेली. आईच्या पोटातल्या गर्भाला मात्र सुरुवातीला दिशाच नसते. डोकं कुठं, पाय कुठं, डावं-उजवं कुठलं, हे पहिल्या चार आठवड्यांत ठरतं. बऱ्याचदा घरात गोड बातमी कळायच्या आधीच!

सुरुवातीला एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ होतात. या पेशी जवळपास सारख्याच असतात. उंदराच्या दोन पेशींच्या गर्भातली एक नष्ट केली तरी दुसरीतून अख्खा उंदीर जन्मू शकतो, हे पोलंडचे शास्त्रज्ञ तार्कोव्स्की यांनी १९५९ मध्ये दाखवलं.

पहिली वाटणी जागेवरून होते. बाहेरच्या पेशी वार बनवायला लागतात, आतल्या पेशींतून बाळ घडतं. सहाव्या-सातव्या दिवसापासून गर्भ गर्भाशयात रुजू लागतो. टेस्ट ट्यूब तंत्रात गर्भ त्याआधीच आईच्या पोटात सोडतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाला १९८६ मध्ये यात यश आलं.

खरी दिशा मिळते ती साधारण पंधराव्या दिवशी. चपट्या गर्भावर एक रेघ उमटते. रेघ सुरू होते ती शेपटाची बाजू, समोरची डोक्याची. याच रेघेतून पेशी आत शिरतात आणि तीन थर तयार होतात. वरच्यातून त्वचा आणि मेंदू, मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, आतल्यातून आतडी आणि फुफ्फुसांचं अस्तर.

डावं-उजवं ठरतं ते रेघेच्या टोकाशी. तिथले सूक्ष्म केस गोल फिरतात आणि द्रव डावीकडे ढकलतात. जपानी शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये उंदरांत हे दाखवलं. हा प्रवाह बिघडला तर हृदय उजवीकडेही जाऊ शकतं.

पाठीवरची पट्टी दुमडून मेंदू आणि मज्जारज्जूची नळी होते. ही नळी २८व्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट मिटली नाही तर मज्जारज्जू उघडा राहण्यासारखे गंभीर व्यंग येतं. फॉलिक ॲसिडमुळे हा धोका बराच कमी होतो. पण पाळी चुकल्यावर गोळी सुरू केली तर उशीर झालेला असू शकतो. म्हणून मूल हवं असेल तर किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं लागतं. आधीच्या बाळात असं व्यंग असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरांनाच विचारावा. गोळी स्वस्त आहे, वेळ मात्र गाठायला हवी.