सिस्टरच्या थकव्याची पन्नास वर्षे

नोकरी माणसाला आतून रिकामे करते, हे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ या नावाने मांडले, न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांकडे पाहून. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझान जॅक्सन यांनी ते मोजायची प्रश्नावली तयार केली. भावना आटणे, रुग्णाबद्दल कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे, या तीन गोष्टी त्यात तपासल्या जातात.

कर्करोगाच्या वॉर्डात हे का साचते, ते तिथे तासभर थांबले तरी कळते. बऱ्याच केमो दर तीन आठवड्यांनी असतात, महिनोन्महिने. रुग्णाची मुलगी दहावीला आहे हे सिस्टरला ठाऊक असते, आणि कोणत्या हाताची शीर लागते तेही. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध शिरेबाहेर झिरपले तर आतले मांस सडू शकते. म्हणून सुईतून रक्त परत येतेय ना हे पुन्हा पुन्हा पाहत ते जपून सोडायचे. तेवढ्यात पलीकडची सलाईन संपते, कुणाला उलटी होते, नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, रिपोर्ट चांगला आहे ना?’ उत्तर माहीत असते, सांगायचा अधिकार नसतो. पहाटे एखादा बेड रिकामा होतो, दुपारी त्यावर नवा रुग्ण असतो.

यावर वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळाला: मन घट्ट करा. पण २००२ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. या साऱ्या काळातले सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते. दोष सिस्टरच्या स्वभावावरून उठला आणि ड्युटीच्या तक्त्यावर आला. कॅलिफोर्नियाने २००४ पासून परिचारिकेमागे किती रुग्ण, हे प्रमाण कायद्याने बांधले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटचा संबंध थेट कामाच्या ठिकाणच्या ताणाशी जोडला.

आपल्याकडे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तिघांमागे एक परिचारिका आणि रजेसाठी ३० टक्के जादा पदे, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. गर्दीच्या सरकारी वॉर्डात रात्रपाळीला जाऊन पाहावे, तो कुठेच दिसत नाही. रजा मागितली की ‘रिलिव्हर नाही’ हे उत्तर ठरलेले. तणावमुक्तीची शिबिरे जरूर घ्या, पण आधी ती ३० टक्के पदे भरा.