हॉलंडमधील जुने घर : भाव आणि वरखर्च

हॉलंडमधील हिल्व्हर्सम हे एकेकाळी विणकरांचे व गालिच्यांचे गाव. 1874 मध्ये आम्स्टरडॅमहून रेल्वे आली आणि शहरातील धनिकांनी इथल्या झाडीत प्रशस्त घरे बांधली. अशी घरे आजही विक्रीस निघतात.

जाहिरातीत किमतीपुढे ‘के. के.’ ही अक्षरे असतात. म्हणजे हस्तांतर कर व नोटरीचा खर्च घेणाऱ्याच्या माथी. स्वतः राहणाऱ्यास हा कर साधारणतः 2 टक्के. कर्ज फार तर घराच्या मूल्याइतके मिळते. वरचा पैसा गाठीचाच लागतो.

विकणाऱ्याने ठाऊक असलेला दोष सांगावा, घेणाऱ्याने तपासावे, असा तिथला कायदा. कराराची प्रत मिळाल्यावर फेरविचारास 3 दिवस असतात. आम्ही कापडवालेही तागा उलगडून ऐब दाखवतो. बंधूंनो, घर घेताना हा शिरस्ता सोडू नका.